तिरखडपची मुकी पाल

तिरखडप बेटावर पाली पुष्कळ आहेत, पण त्यांतली एकही बोलत नाही. बाहेरचा माणूस इथं मुक्कामाला राहिला, की सकाळी उठून हटकून हेच विचारतो. भिंतीवर पाल दिसते, तिचा गळा हलतो, तोंडही किंचित उघडतं, आणि आवाज मात्र येत नाही. ही पाल दिसायलाही आपल्या घरातल्या पालीसारखी नाही. जांभ्या दगडासारखा तांबूस रंग, पाठीवर फिकट पिवळे पट्टे, डोळे अंमळ मोठे. समोर किनाऱ्यावरच्या गावांत ती सापडत नाही. कोणी हौसेनं तिकडं नेली तर जगत नाही, असं सांगतात. मध्यंतरी काही अभ्यासक येऊन राहिले, त्यांनी तिची मापं घेतली, फोटो काढले आणि ही जात याच बेटावरची, असं सांगून ते गेले. ती मुकी का, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही.

ते सांगतात धाकू तांडेल. वय झाल्यामुळं त्यांनी होडी कधीच सोडली, पण धक्क्यावर येऊन बसण्याचा नेम सोडलेला नाही. लाँचमधून माणसं उतरली, की त्यांना आधी पाणी विचारतात आणि मग, कोणी विषय काढलाच तर, भिवराची हकिकत सांगतात. त्यांना ती त्यांच्या आजीनं सांगितली. आजीला कोणी, ते आजीनं सांगितलं नव्हतं.

पूर्वी म्हणे या पाली इतर पालींसारख्याच बोलायच्या, आणि बेटावरची माणसं त्यांचं ऐकायची. पाल चुकचुकली, की हातातलं काम हातात राहायचं. होडी पाण्यात लोटताना चुकचुकली, की होडी परत वाळूवर यायची. चहूकडं पाणी, वाऱ्याचा भरवसा नाही, गेलेलं माणूस परत येईलच असं नाही. अशा ठिकाणी माणूस कशाचा तरी आधार धरतोच. तिरखडपनं पालीचा धरला होता.

त्यातलं सगळ्यांत जास्त द्वारकाबाईला कळायचं. पाल कुठल्या भिंतीवर होती, तोंड कुठं होतं, किती वेळ बोलली, यावरून ती सांगायची, की जा किंवा थांब. तिनं हे शास्त्र हौसेनं धरलेलं नव्हतं. तिची मुलगी चंद्रा, पाल बोललेली असतानाही हसत हसत होडीत बसली होती. ती होडी किनाऱ्याला लागली नाही. तेव्हापासून द्वारकाबाईचा कान भिंतीला लागला तो लागलाच.

तिचा मुलगा राघो याचं लग्न झालं आणि भिवरा या घरात आली. भिवरा खाडीकाठच्या गावची. तिची आई काथ्याचे दोर वळायची, आणि बापामागं त्या दोघीच एकमेकींना होत्या. दोर विकायला दोघी गावोगाव पायी जायच्या. चालत राहिलं तर रस्ता संपत नाही, एका गावातून दुसरं गाव लागतं, हे भिवराला लहानपणापासून ठाऊक होतं. तिरखडपला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की इथं रस्ता संपतो. चुलीवर पेज ठेवून निघालं, तर सगळं बेट फिरून पेज उतू जायच्या आत घरी येता येत होतं.

बेटाच्या पूर्वेच्या टोकाला उभं राहिलं, की किनारा दिसायचा. माडांची एक काळी रेघ, आणि हवा स्वच्छ असली तर तिच्यावर धुराच्या दोन-चार काड्या. त्यातला एक धूर आपल्या आईच्या चुलीचा, असं भिवरानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीला तिला माहेरी धाडायचं ठरलं. ती नवं लुगडं नेसून उंबऱ्यात आली आणि आढ्यावर पाल चुकचुकली. द्वारकाबाई म्हणाली, "आज नको गो." भिवरानं लुगडं बदललं. शिमग्याला पुन्हा तसंच झालं. मग पावसानं समुद्र बंद झाला. तो उघडल्यावर नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी निघाली, तेव्हा भिवरा पाय न वाजवता, श्वास धरून मागच्या दारानं निघाली होती. पाल मागच्या दारावरच होती.

सासू वाईट नव्हती, हे धाकू तांडेल इथं थांबून मुद्दाम सांगतात. तिनं सुनेला कधी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, चांगला तुकडा आधी तिच्या ताटात वाढला. फक्त जाऊ दिलं नाही. आणि राघो? राघो समुद्रावर मोठा धीराचा माणूस होता. वादळात सुकाणू धरून बसायचा. घरात मात्र आई बोलायला लागली, की जाळ्याच्या गाठी बघत बसायचा.

भिवराचा राग शेवटी पालींवर गेला. सासूवर रागावलं तर सासू रडायची, नवऱ्यावर रागावलं तर तो बाहेर जायचा, भिंतीवरची पाल तेवढी जागच्या जागी असायची. एकदा तिनं केरसुणी फेकून मारली. पाल वाचली, शेपूट तुटून खाली पडली आणि बराच वेळ वळवळत राहिली. ती बांडी पाल पळाली ती घरामागच्या कोठीत. ही कोठी म्हणजे मागच्या डोंगराच्या जांभ्यात खोदलेली खोली. तिच्यात सुकी मासळी, भात आणि नारळ असायचे. एक जाड फणसाचं दार, त्याला बाहेरून अडसर, आणि वर छताशी हात जाईल एवढं एक भोक, वाऱ्यासाठी. बांडी पाल तिथंच राहू लागली. भिवरा काही काढायला गेली, की ती भोकाशी बसून बघायची, आणि भिवरा तिच्याकडं बघायचं टाळायची.

असे दिवस चालले असताना किनाऱ्यावरून एक होडी मासळी न्यायला आली आणि तिच्याबरोबर निरोप आला. भिवराची आई अंथरुणाला खिळली होती. जेवण तुटलं होतं. ती फक्त लेकीचं नाव घेत होती. होडी भरतीबरोबर परत जाणार होती.

भिवरानं दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. शेजारणींनी तिला गाठोडं बांधताना पाहिलं आणि त्या म्हणाल्या, जा बाई, भेटून ये. तेवढ्यात भिंतीवर पाल बोलली. एकदा बोलून थांबली नाही, तीन-चारदा बोलली. घरात कोणी हललं नाही.

"आज नको," द्वारकाबाई म्हणाली.

"मी जातंय," भिवरा म्हणाली. इतक्या दिवसांत ती असं पहिल्यांदा बोलली. "आत्यानू, पाल बोलांदे नायतर डोंगर बोलांदे. माजी आये मरता."

राघोनं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. "मी जाऊन बघून येतंय तुझ्या आयेक," तो म्हणाला आणि होडीकडं चालू लागला. भिवरा गाठोडं उचलून त्याच्या मागं निघाली. तेव्हा द्वारकाबाईचा आवाज एकदम मऊ झाला.

"थांब गो. रित्या हातान खंय जातंस? आयेसाठी कोठीतले नारळ तरी घे."

भिवराला वाटलं, सासू विरघळली. तिचे डोळे भरून आले. गाठोडं अंगणात ठेवून ती धावत कोठीत गेली, वाकून नारळ पदरात घेऊ लागली, आणि तिच्या मागं दार लागलं. अडसर पडल्याचा आवाज तिनं ऐकला, पण तो आपल्यासाठी पडला हे कळायला तिला एक क्षण लागला.

मग तिनं दारावर हात आपटले, खांदा लावला. पदरातले नारळ घरंगळून अंधारात कुठं कुठं गेले. "आत्यानू, दार उघडा!" दाराच्या पलीकडून द्वारकाबाईचा आवाज येत होता. ती दाराला पाठ लावून खाली बसली होती. "होडी सुटली की उघडतंय. माझी चंद्रा अशीच गेली. तुका मी जाऊ देवचंय नाय." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि म्हणता म्हणता रडत होती. शेजारीण कुंपणाशी येऊन काय झालं विचारू लागली, तेव्हा मात्र द्वारकाबाईला लाज वाटली. ती उठून पुढं गेली आणि म्हणाली, सून राघोबरोबर माहेरी गेली.

खालून होडीचा शंख वाजला. भिवरानं तो कोठीत ऐकला आणि ती दारापासून बाजूला झाली. भाताच्या कणगीला टेकून खाली बसली. वरच्या भोकातून उजेडाची एक पट्टी भिंतीवर पडली होती, आणि त्या पट्टीत बांडी पाल होती. भिवराला आता रागही येईना. एवढ्याशा भोकातून ही बाहेर जाते आणि आत येते, आणि मला जाता येत नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

होडी क्षितिजाला लागल्यावर द्वारकाबाईनं दार उघडलं. पेजेचा गडू घेऊन ती आत आली. भिवरा उठली नाही. दार उघडं होतं, पण जायला होडी नव्हती, मग उठून काय करायचं? सासूनं गडू पुढं सरकवला. सुनेनं त्याच्याकडं बघितलंही नाही. द्वारकाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं.

तेव्हा धरणी हलली.

बेटाच्या पोटातून घरघर आली, असं सांगतात. विहिरींचं पाणी गढूळ झालं, माड वारा नसताना डोलले. आणि घरामागचा डोंगर, जांभा आणि माती आणि मुळं, सगळं एकत्र खाली आलं. घराचा पुढचा भाग चेपला. कोठी खडकात खोदलेली होती, म्हणून तिचं छत टिकलं. पण दार आत फेकलं गेलं आणि दाराच्या जागी दगडांचा ढीग झाला. वरचं भोक बुजलं. ढिगातला एक दगड द्वारकाबाईच्या पायावर आला होता.

सुरुवातीला दोघी नुसत्या खोकत राहिल्या. मग भिवरानं चाचपडत सासूला शोधलं. पायावरचा दगड तिनं हलवून पाहिला, तो हलला नाही. दोघींनी हाका मारल्या. आवाज भिंतींना लागून परत यायचा. किती वेळ गेला, दिवस आहे की मावळला, काही कळेना. हवा जड झाली. भिवरानं नखांनी माती उकरली तर वरून तेवढीच माती खाली आली.

बाहेर माणसं होती. धरणी पुन्हा हलेल म्हणून सगळे उघड्या माळावर जमले होते आणि मग धीर करून पडलेली घरं उकरायला लागले होते. द्वारकाबाई दिसत नाही म्हणून त्यांनी तिच्या घराची पुढची बाजू उकरली, चुलीपर्यंत गेले. तिथं ती सापडली नाही, तेव्हा ती डोंगराखाली गेली असं सगळ्यांनी धरलं. कोठीकडं कोणी वळलं नाही, कारण कोठीत कोण असणार? सून तर माहेरी गेली होती. द्वारकाबाईनंच सांगितलं होतं.

हे द्वारकाबाईला अंधारात पडल्या पडल्या उमजलं. तिनं भिवराला ते सांगितलं. लपवलं नाही. "तुका कोण सोदूक येवचा नाय गो. मीच सांगलंय, तू गेलंस म्हणान."

 भिवरानं चाचपडत पेजेचा गडू शोधला. तो कलंडला होता, पण तळाशी थोडी पेज होती. ती तिनं सासूच्या तोंडाशी धरली. सासूनं एक घोट घेतला, आणि उरलेली तू घे म्हणून गडू ढकलला. भिवरानं घेतली. त्या घरातलं दोघींचं एका भांड्यातलं ते पहिलं जेवण.

तेव्हा अंधारात पाल चुकचुकली.

"झाला," द्वारकाबाई म्हणाली. "सांगल्यान तिना. संपला आपला."

भिवराला हसू आलं. हसता हसता तिला खोकला लागला. "आत्यानू, आता आणखी काय व्हायचा रवला?"

  पाल पुन्हा बोलली, या वेळी आवाज वरच्या बाजूनं आला. भिवरानं मान वर केली. बुजलेल्या भोकाच्या जागी, दगडांच्या सांदीत, केसाएवढी उजेडाची रेघ होती. त्या रेघेवरून काहीतरी सरकलं. त्याला शेपूट नव्हती.

"ती बाहेर जाता," भिवरा म्हणाली. "तिका वाट आसा."

मग द्वारकाबाईनं हात जोडले. अंधारात भिवराला ते दिसले नाहीत, पण बांगड्या एकमेकींना लागल्याचं ऐकू आलं. तिचं बोलणं बेटावर अजून शब्दाला शब्द सांगतात.

"बाय माझे, तुझ्या शब्दावर मी ह्या पोरीक कोंडलंय. आता तूच बोल. भायर जाऊन बोल. ह्या पोरीक भायर काढ, मग तुझ्या नावान ह्या बेटावरची एकय बाय कोण अडवचो नाय. माझ्या चंद्राची शपथ आसा तुका."

उजेडाची रेघ क्षणभर झाकली गेली आणि पुन्हा दिसू लागली. पाल गेली होती.

बाहेर, कोसळलेल्या डोंगराच्या ढिगावर एक पाल येऊन बसली आणि चुकचुकू लागली. पाल दोन-चारदा बोलते आणि थांबते. ही थांबेना. भर उन्हात, तापलेल्या दगडावर, माणसांच्या देखत ती बोलतच राहिली. माणसं घाबरली. काही जण म्हणाले, आणखी अरिष्ट येतंय, इथून निघा. ती निघालीही असती. पण शेजारीण, जिनं कुंपणाशी येऊन चौकशी केली होती, ती जागची हलली नाही. तिला ती शेपटाविना पाल ओळखीची वाटली. ही तर द्वारकाबाईच्या कोठीतली. ती ढिगावर चढली. पाल पळाली नाही. दगडांच्या सांदीत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा बोलली. शेजारणीनं सांदीला कान लावला. आतून कोणीतरी खोकत होतं.

मग सगळं बेट त्या ढिगाला भिडलं. पहारी, वल्ही, नांगराचे लोखंडी आकडे, जे मिळेल ते घेऊन माणसं उकरत होती. पाल बाजूच्या दगडावर बसून बोलत होती. तिचा आवाज चिरका झाला, मग घोगरा झाला, मग त्यात नुसती हवा राहिली. पहिला मोठा दगड बाजूला झाला आणि आतून भिवराचा हात वर आला, तेव्हा पालीचा गळा हलत होता, तोंड उघडत होतं, आवाज उरला नव्हता.

भिवराला आधी ओढायला लागले, तर ती म्हणाली, आत्यांना आधी. त्यांच्या पायावर दगड आहे. माणसं चमकली. ही इथं कशी? द्वारकाबाईला बाहेर काढून सावलीत ठेवलं, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर, एकही शब्द न गाळता, जे केलं ते सांगितलं. 

राघो होडीतून परत आला तो घर शोधत. त्यानं आईला पाहिलं, बायकोला पाहिलं, आणि हकिकत ऐकून तो खाली वाळूवर बसला. भिवरानं एकच विचारलं. "आये?"

"आसा," तो म्हणाला. "तुका बोलवता."

भिवराचं गाठोडं डोंगराखाली गेलं होतं. ती होती तशी, मातीनं माखलेल्या लुगड्यात धक्क्याकडं चालू लागली. बेटावरची सगळी माणसं तिच्या मागं आली. द्वारकाबाईनं स्वतःला उचलून न्यायला लावलं. होडी पाण्यात उतरली, भिवरानं काठावर पाय ठेवला, आणि सगळे, मनात नसताना, गप्प होऊन ऐकू लागले. इतक्या पिढ्यांची सवय. कुठंही काही चुकचुकलं नाही. लाटांचा आवाज होता, दुसरा नाही. त्या दिवसापासून बेटावरची एकही पाल बोललेली नाही, असं सांगतात.

द्वारकाबाईच्या तोंडाशी 'परत कधी येतलंस' एवढं आलं होतं. तिच्या जवळच्या बायकांनी ते पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी होडीची कड लोटली.

भिवरा पोचली. आईनं तिला ओळखलं, तिच्या हातचं खाल्लं. समुद्र बंद झाला तरी ती तिथंच राहिली. पावसाळ्याच्या अखेरीला आई तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. या सगळ्या काळात तिरखडपहून निरोप गेला नाही. राघो निघाला होता, त्याला आईनं बसवलं. ती स्वतः, मोडका पाय ओढत, समुद्र उघडल्यावर येणाऱ्या प्रत्येक होडीला धक्क्यावर यायची. उतरणारी माणसं बघायची आणि होडीवाल्याला काही न विचारता घरी जायची.

एका होडीतून भिवरा उतरली. तिच्या खांद्यावर आईनं वळलेल्या काथ्याच्या दोराचं वेटोळं होतं. द्वारकाबाई तिच्याकडं बघत राहिली. आली कशी, असं विचारण्याचंही तिला धैर्य होईना. भिवराच बोलली.

"कोण बोलवक इला नाय," ती म्हणाली, "म्हणान इलंय."

त्यानंतर ती कोठीत कधी गेली नाही. राघोशी धड बोलायला तिला पुष्कळ काळ लागला. पण त्या दोघी, सासू आणि सून, शेवटपर्यंत एका घरात राहिल्या, आणि भिवराला वाटलं तेव्हा ती किनाऱ्यावर गेली आणि वाटलं तेव्हा परत आली.

धाकू तांडेल सांगायचं थांबतात तेव्हा बहुधा लाँच सुटायची वेळ झालेली असते. आजही तिरखडपच्या धक्क्यावर एखादी बाई पिशवी घेऊन आली, की तिला आधी जागा मिळते. तिला कुठं, कशाला, कोणाबरोबर, हे कोणी विचारत नाही. परत कधी येणार, हे तर नाहीच नाही. परवा आम्ही धक्क्यावर होतो, तेव्हा तांडेलांची नातसून लाँचवर आली. तिच्याजवळ मोठी बॅग होती, एका मुक्कामाची नव्हती. तांडेलांनी ती बघितली. उठून, कमरेवर हात ठेवत, त्यांनी बॅग स्वतः वर चढवली आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. लाँच दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "पाणी व्हया काय तुमका?"